सासूबाईंची न्याहारी

शास्त्र, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं बायबल, वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण शास्त्रातल्या चार ओळी कानावर पडल्याशिवाय जिच्या घशाखाली चहा उतरत नाही, अशी बाई मी जन्मात एकच पाहिली आणि ती नशिबाने माझी सासू निघाली. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा नवा सुरू झाला, मला तिथे नोकरी लागून वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, त्याच सुमारास सासरे वारले आणि सासूबाई नगर जिल्ह्यातल्या आपल्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आल्या. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं शास्त्र. ट्रंक त्यांनी खुशाल हमालाच्या डोक्यावर दिली. शास्त्राला कुणाला हात लावू दिला नाही. गंमत अशी की त्यांना स्वतःला अक्षर ओळखू येत नव्हतं. सासरे रोज पहाटे वाचायचे आणि त्या ऐकायच्या. सगळा संसार असाच झालेला. आता ते काम सरळ जावयाकडे आलं.

"जावईबापू, सकाळधरनं पोटात काई न्हाई," असं त्या म्हणाल्या की सुरुवातीला मी बायकोकडे रागाने बघायचो. मग उमगलं की डब्यात भाकरी भरपूर आहे, उपास वेगळाच चालला आहे. मग एका गालावर साबण, बाहेर कारखान्याचा भोंगा होतोय आणि मी आपला उभ्याउभ्या वाचतोय, असा आमच्या घरचा सकाळचा देखावा असे. वंशावळी आल्या की मी चार नावं हळूच गाळून पुढे जायचो. पण वर्षानुवर्षं ऐकून त्यांचे कान इतके तयार, की तिथल्या तिथे पकडत. "मधली मान्सं कुठं गेली?" "आई, नुसती नावं आहेत हो ती." "असू द्या. नुसतं कालवन वरपून अंगी लागत न्हाई, भाकर बी खावी लागती."

एकदा ताप आला म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर पुण्याचा, तरुण आणि फार गंभीर. त्याने विचारलं, "सध्या काय खाता?" सासूबाई म्हणाल्या, "सध्या स्तोत्रं चालू हायेत." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. "बरं, भूक लागते का?" "भूक लई. पन जावयाची फष्ट शिफ्ट, वाढनार कोन?" दुसऱ्या खेपेला त्या शास्त्रच बरोबर घेऊन गेल्या आणि डॉक्टर नाडी बघायला हात पुढे करतो तो त्या हातावर त्यांनी ते उघडून ठेवलं. बिचाऱ्याने एक अख्खं स्तोत्र वाचलं. बाहेर रांगेतले लोक खोकून बेजार झाले.

माझ्या शिफ्टा बदलत राहिल्या, बायकोच्या कडेवर मूल, तेव्हा सासूबाईंनी आमच्या गवळ्याला गाठला. आकुर्डीचा शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, चार इयत्ता शिकलेला. तो वाचायचा ते म्हशीला हाका मारल्यासारखं, पण मन लावून. योसेफाची गोष्ट लागली आणि त्याच्याच भावांनी त्याला खड्ड्यात टाकून मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला, जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकला, तेव्हा गवळीबुवांनी दारातच बसकण मारली. "आजी, ह्ये भाऊ म्हनायचे का वैरी? थांबा, फुडलं बघू!" तिकडे वसाहतीतल्या बायका रिकामी भांडी घेऊन ओट्यावर उभ्या, आणि इकडे दूधवाला मिसर देशात.

असं मजेत चाललं असताना एके दिवशी दूध घेऊन त्याची बायको आली. धार काढताना त्याच्या डोळ्यांना म्हशीचं शिंग लागलं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून तो घरी पडून होता. नजर राहील की जाईल, डॉक्टरलाही सांगता येईना. जाताना ती म्हणाली, "सारखं इचारत्यात, त्या पोराचं आन् भावांचं काय झालं म्हून."

"मी रविवारी जाऊन वाचून दाखवतो," मी म्हणालो.

"रविवारपत्तुर उपाशी ठिवायचं का त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "आन् गोष्ट माज्या तोंडपाठ हाय, पन तोंडची गोष्ट निराळी आन् शास्त्रातनं वाढलेली निराळी. ए पोरी, आन ग कोळसा."

माझ्या बायकोने फरशीवर कोळशाने अक्षरं काढायची आणि साठीच्या विद्यार्थिनीने ती गिरवायची, अशी शाळा सुरू झाली. 'य' योसेफाचा, 'म' मोशेचा, असा सगळा पाठ. बाजारात निघाल्या की दुकानांच्या पाट्यांसमोर उभ्या राहून मोठ्याने अक्षरं लावत, आणि दुकानदार गिऱ्हाईक समजून लगबगीने बाहेर येत. माझा रविवार शिफ्टांपायी हुकतच गेला, पण इकडे जेमतेम शब्द जुळायला लागले तशा त्या रोज आकुर्डीला जाऊ लागल्या.

एका रविवारी मीही बरोबर गेलो. गवळी बाजेवर पडलेला, डोळ्यांवर पट्टी. सासूबाई चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून बसल्या. एकेका शब्दाला एवढा वेळ लागे की गवळी कासावीस होई. "आजी, हाका की बिगीबिगी!"

"दाताखाली खडा आलाय, थांब," त्या म्हणायच्या. खडा म्हणजे जोडाक्षर.

मिसरात मोठा अधिकारी झालेल्या योसेफाने, बाकी सगळ्यांना बाहेर घालवून, दुष्काळात धान्य मागायला आलेल्या भावांना आपली ओळख दिली आणि तो हंबरडा फोडून रडला, तिथवर त्या पोचल्या. गवळ्याच्या पट्टीखालून गालावर पाणी आलं. "आवो, डोळं भिजवू नका, डाक्टरनं सांगितलंय!" त्याची बायको ओरडली. "मी कुटं भिजवतोय?" तो हुंदका देत म्हणाला, "त्यानं माफ केलं गं भावांस्नी!" सासूबाईंनी पदराने त्याचा गाल टिपला आणि पुढची ओळ धरली.

पट्ट्या सुटल्या, तेव्हा एक डोळा अधू झाला होता, दुसरा शाबूत. तो पुन्हा दूध घालू लागला आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी शास्त्र उघडून त्याच्या हाती दिलं. मी म्हणालो, "आई, आता तर तुमचं तुम्हाला वाचता येतं!" त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाल्या, "सैपाक येतो म्हनून मानूस एकटंच जेवतं व्हय?"

पुढे मेव्हण्याने त्यांना गावी बोलावून घेतलं. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी फडकं सोडलं आणि समोरच्या अनोळखी गृहस्थाला विचारलं, "दादा, वाचता येतं का तुमाला?" तो काही बोलायच्या आत पुस्तक त्याच्या मांडीवर होतं. गाडी हलली, तेव्हा तो खिशात चष्मा चाचपत होता, आणि सासूबाईंचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. ती त्यांची आमची शेवटची भेट, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहा आणला. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. कपाला हात कुणीच लावला नाही. मग ती उठली, आमच्या लग्नात मिळालेलं, पानं अजून एकमेकांना चिकटलेलं शास्त्र फळीवरून काढलं आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "वाचा ना. भूक लागलीय."