दोन गावांची हवा

काकांची सकाळ उदबत्तीनं सुरू व्हायची, पण देवापुढं नव्हे, गच्चीवर. लखनऊच्या इंदिरा नगरातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी बँकेतल्या नोकरीमुळं भाड्यानं राहत होतो, त्यामुळं हा सोहळा रोज माझ्या दाराशीच चाले. कानटोपी घातलेले काका कठड्यापाशी उदबत्ती धरून धूर कुठं जातो ते डोळे बारीक करून बघत. तिरका पळाला, तर काकूंना फिरायला जायची परवानगी. जागीच घोटाळला, तर खिडक्या बंद. शेजारच्या भाभींनी एकदा विचारलं, "अंकलजी, भगवान को छत पर बुला लिया क्या?" काका गंभीरपणे म्हणाले, "भगवान को नहीं, हवा को बुला रहे हैं. आ नहीं रही."

मोबाईलवर हवेचा आकडा दिसतो, असं मी सुचवून पाहिलं. "तो आकडा कुठल्या तरी चौकातला. तुझी काकू चौकात राहते का?" विषय संपला.

काकूंना दमा होता. दिवाळी सरली की लखनऊवर धूर आणि धुकं एकत्रच उतरायचं, आणि खालून काकूंचा खोकला ऐकू यायचा. आमच्याकडं धाप लागलेल्या माणसाला काय बोलावं ते कधीच कळत नाही, म्हणून काका भूगोलावर चिडत. "सपाट मुलूख! ना डोंगर, ना समुद्र. वारा येणार कुठून?" ते मूळचे वाईचे. पाचगणीला लोक हवा खायला येतात हे लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळं डोंगर म्हणजे चांगली हवा, यात त्यांना शंकाच नव्हती.

त्यात मुलगी मीनल नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये, ग्रनोबलला. तिन्ही बाजूंनी आल्प्स, वर बर्फ. काकूंचा हिवाळा तिथंच काढायचा, असं काकांनी ठरवून टाकलं. मीनल लखनऊत वाढलेली. मराठी समजायची, उत्तर हिंदीत. "बाबा, सर्दियों में ठंडी हवा यहाँ नीचे बैठ जाती है. पहाड़ों के बीच से निकलेगी कहाँ से?" काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "हिला भूगोल कधीच जमला नाही."

जानेवारीत त्यांचा ग्रनोबलहून फोन आला. आवाज पडलेला. "अरे, इथली माणसंसुद्धा थंडीला लाकडं जाळतात. समोरच्या घराचा धूर वर जातो आणि अर्ध्यात आडवा होतो, झाकण ठेवल्यासारखा. काकू खोकतेय." पुढच्या रविवारी पुन्हा फोन. मीनलनं त्यांना गाडीनं वरच्या एका खेड्यात नेलं होतं. तिथं लख्ख ऊन, खाली शहर पार बुडालेलं, आणि काकू न थांबता चढ चढल्या. "एकाच गावाच्या दोन हवा! मी समजायचं काय?" त्यांनी वर खोली घेतली. काकू सुधारल्या, आणि थंडी सरल्यावर दोघं लखनऊला परतले.

मग पुढच्या उन्हाळ्यात, इथली लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, टाळायला, दोघं थेट त्याच खेड्यात गेले. या खेपेला खोकला वरच सुरू झाला. "गाड्यांच्या धुरापासून कडक उन्हात ओझोन तयार होतो म्हणे. गाड्या खाली आणि त्रास वर!" काका फोनवर ओरडत होते. "ओझोन चांगला असतो असं शाळेत शिकलो ना रे आपण?" मी हो म्हणालो. मग नाही म्हणालो.

पाऊस सुरू झाल्यावर ते परतले. लखनऊची हवा पावसाळ्यात धुतल्यासारखी होते. काका लगेच पुढच्या हिवाळ्याची आखणी करायला बसले, तेव्हा काकूंनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "मी काय लोणचं आहे? कधी उन्हात, कधी सावलीत! या थंडीत मी इथंच राहणार. खोकेन, पण माझ्या स्वयंपाकघरात." काकांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुला काय वाटतं, थंडी काढेल ना ती?" इतका घाबरलेला माणूस मी त्यांच्यात पहिल्यांदा पाहिला. काढतील की, असं मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी काकू जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. दम्याचा काही संबंध नव्हता.

मी बँकेतून धावत आलो. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. बाहेर पाऊस नुकताच थांबलेला, आभाळ निळंशार, पडदे वाऱ्यानं उडत होते. काका काकूंच्या उशाशी बसले होते. मला बघून त्यांनी शाळेतल्या मुलासारखं विचारलं, "आज तर हवा चांगली होती ना रे?"

मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं.