टेकून उठायचं टेबल

तुमच्या आजोबांचे आर्वीचे मावसभाऊ, म्हणजे माझे भाऊजी, यांच्याइतका टेबलाच्या चार पायांवर राग धरणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. बसगाड्या दुरुस्त करण्याच्या नोकरीतून ते निवृत्त झाले आणि घरातली साधी टेबलं एकेक करून मोडीत निघाली. "चार पायाचं तर कोणीबी करते, वहिनी. त्यात डोकं कुठं लागते?" असं ते मला समजावत. बैठकीतलं टेबल एका जुन्या स्टिअरिंगच्या दांड्यावर उभं. स्वयंपाकघरातलं आढ्याला साखळ्यांनी टांगलेलं. एकाने कांदा चिरला की सगळ्यांचं वरण हिंदकळायचं. व्हरांड्यातल्या टेबलाला तर पायच नव्हते. ताणलेल्या तारांनी फळी हवेत धरली होती आणि पाहुणे त्यावर कप ठेवताना श्वास रोखून धरत. त्यांच्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींपैकी मुलाच्या वडिलांनी बैठकीतल्या टेबलावर ऐसपैस कोपर टेकलं आणि पोह्यांची बशी थेट त्यांच्या मांडीवर आली. लग्न जमलं, पण ते व्याही अजूनही कुणाकडे गेले की आधी टेबल दाबून पाहतात.

माझ्या जाऊबाई हे सगळं हसून सोसत. पुढे त्यांचे गुडघे गेले. बसल्यावर उठायला हाताखाली काहीतरी घट्ट लागे आणि त्या घरात घट्ट असं काही नव्हतंच. "मले टेकून उठता येईन असं एक करून द्या न," त्या म्हणत. "आपल्याच घरात उठासाठी किती हाका मारू?"

"करून राह्यलो न. दिवाळीले देतो."

"कोणत्या दिवाळीले, तेही सांगून ठेवा."

साधं करून दिलं असतं तर दोन दिवसांचं काम. पण भाऊजींना तेही नव्या युक्तीनेच करायचं होतं. नमुने होत, मोडत. जाऊबाई हाक मारत, भाऊजी भुशाने माखलेले हात घेऊन येत आणि त्यांना उठवत. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

टेबल पावसाळ्यात पूर्ण झालं. गोल फळी आणि तीनच पाय, पण ते खाली जाताना फळीच्या खूप बाहेर फाकलेले, म्हणजे कड कुठेही दाबा, कलंडत नाही. "टेकून पाहा, वहिनी," ते म्हणाले. मी दोन्ही हातांनी सगळा भार दिला. टेबल हललं नाही. ते टेबलाकडे नाही, माझ्या हातांकडे पाहत होते. "तिले एवढंच पाह्यजे होतं," म्हणाले आणि पंच्याने फळी पुसत राहिले.

ते स्वतः अजून त्या साखळीच्या टेबलावरच जेवतात.

जेवताना टेबलावर कोपरं ठेवू नयेत, हे तुम्हाला मीच शिकवलं आहे. तुम्ही याल तेव्हा मी तुम्हाला त्यांच्याकडे नेईन. त्या तीन पायांच्या टेबलाशी बसा, खुशाल कोपरं ठेवा, आणि उठताना दोन्ही हात टेकून, चांगला जोर देऊन उठा.