हा कोण, कुणाच्या जिवावर?

पडद्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, “हा कोण? काय करतो? कुणाच्या जिवावर?” ही त्यांची पद्धत. बोटाचा ठसा पडद्यावर उमटायचा. तो रुमालाने पुसायचे आणि बोट पुढच्या ओळीवर. समोरच्याला उत्तर देता आलं नाही तर ती ओळ फायलीत जायची नाही. आवाज चढवणं नाही, चिडणं नाही. “उद्या त्याला विचारून या,” एवढंच म्हणायचे.

हा ‘तो’ माणूस नसायचा. जावा या संगणकाच्या भाषेत मोठं वेब अॅप्लिकेशन करतात तेव्हा ते लहान लहान सेवांचं मिळून बनतं. एक सेवा पासवर्ड तपासते, एक ईमेल पाठवते, एक डेटाबेसकडून माहिती आणते. कोणी कोणाशी जोडलं जायचं, हे एका वेगळ्या फायलीत लिहिलेलं असतं. अॅप्लिकेशन सुरू होताना ती फाईल वाचली जाते आणि त्याप्रमाणे सगळ्यांच्या गाठी बांधल्या जातात. आमच्या कंपनीत त्या फायलीचे राखणदार ते. कोथरूडला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमची कचेरी होती, तेव्हापासून. सेवांना ते ‘गडी’ म्हणत.

माझं काम म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाण्याआधी काय झालं आणि काय राहिलं, याच्या याद्या ठेवणं. मला ते ‘यादीवाल्या बाई’ म्हणत. तोंडावर.

त्यांचे गडी मराठी होते. ईमेल पाठवणारा ‘पोस्ट्या’, पासवर्ड तपासणारा ‘कोतवाल’, डेटाबेसची जोडणी देणारा ‘पाणक्या’. एकदा परदेशातल्या ग्राहकाने चुकांच्या नोंदीत सारखं एकच नाव पाहिलं आणि फोनवर सांगितलं, की मिस्टर कोतवालना बैठकीला बोलवा, अडचण त्यांच्याकडेच दिसते. आम्ही खाली माना घालून हसत होतो. हे शांतपणे म्हणाले, “त्यांना कळवा, कोतवाल बोलत नाही. फक्त अडवतो.”

नवीन लोकांना शिकवणं हेही त्यांच्याचकडे होतं. डेटाबेसच्या जोडण्या मोजक्या असतात. वापरून झाली की परत ठेवायची, म्हणजे ती दुसऱ्याला मिळते. नव्यांच्या हे लक्षात राहत नसे, आणि भर दुपारी ग्राहकाची साइट जागच्या जागी थिजायची. एकदा अशी थिजली तेव्हा ते काही न बोलता उठले आणि सगळ्यांच्या टेबलांवरचे चहाचे उष्टे कप गोळा करत फिरले. एक तर खिडकीत झाडामागे सापडला. सगळे मोरीत ठेवून म्हणाले, “सकाळपासून पाहुण्यांना चहा का मिळाला नाही, ते कळलं? साइटचंही हेच झालंय. आता जा आणि आपापला कप शोधा.”

या व्यवस्थेतल्या एका गोष्टीची मात्र त्यांना खरी भीती वाटे. एकाच नावाचे दोन गडी फायलीत आले, की आमच्या त्या जुन्या रचनेत नंतर वाचला गेलेला आधीच्याला पुसून टाकायचा. चूक म्हणून कुठे नोंद नाही, काही नाही. दोन मुलांनी आपापल्या सेवेला नकळत एकच नाव दिलं आणि ग्राहकाची बिलं आठवडाभर कुठेच गेली नाहीत, तेव्हा ते म्हणाले होते, “दोघं भांडले असते तर बरं झालं असतं. निदान ऐकू आलं असतं.”

पुढे कंपनी खराडीला काचेच्या इमारतीत गेली. तिथे एक बाई कामाला लागली, तिशीतली, हुशार, भराभर बोलणारी. हिचं नाव आणि आडनाव यांच्यासारखंच. नाव असं, की बाईचंही असतं आणि बुवाचंही. आडनाव तर पुण्यात दगड मारला तरी त्याच आडनावाच्या माणसाला लागेल असं. आम्ही लगेच बारसं केलं: हे ‘थोरले’, ती ‘धाकटी’. धाकटीच्या रजेचे अर्ज थोरल्यांकडे येत आणि ग्राहकाच्या शिव्या धाकटीला खाव्या लागत.

“थोरले, तुमच्यामुळे आज मला पहाटे अमेरिकेतून फोन आला.”

“घ्यायचा. तेवढंच नाव होतं तुमचं.”

“आपलं,” ती म्हणायची.

आठवड्यातून दोन दिवस थोरले लवकर निघत. त्यांच्या बायकोचं डायलिसिस असे, कर्वेनगरला, घराजवळच. मी एकदा तिथे भेटायला गेले होते. बाई शाळेत मराठी शिकवायच्या. आजारपणाने नोकरी सोडावी लागली होती. हाताला नळ्या लावलेल्या, चेहरा मातकट झालेला, पण जीभ शाबूत.

“या, बसा. आमच्याकडे भरती चालू आहे,” त्या म्हणाल्या. “अहो, सांगा ना यांना, आज कोणाला नेमायचंय ते.”

थोरले खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “एक जण सगळ्यांची जुनी कामं पाहून ठेवतो आणि विचारलं की न शोधता लगेच सांगतो. नाव सुचव.”

त्यांनी डोळे मिटून विचार केला. “शेजारीण,” म्हणाल्या.

पोस्ट्या, कोतवाल, पाणक्या ही सगळी नावं कुठून आली, हे मला त्या दिवशी कळलं. यंत्राला बांधलेले चार तास त्या अशा काढत.

उपाय एकच होता, मूत्रपिंडाचं रोपण. साताऱ्याकडे शेती करणारी त्यांची थोरली बहीण द्यायला तयार होती. तपासण्या जुळल्या, परवानगी आली, शस्त्रक्रियेची तारीख ठरली. ती बहीण कचेरीतही येऊन गेली, कसलासा दाखला न्यायला. मी म्हटलं, “धीराच्या आहात.” तर म्हणाल्या, “धीर कसला. मला दोन हायत, तिला एकबी नाय. हिशेब सरळ हाय.”

खर्च कंपनीच्या वैद्यकीय विम्यातून व्हायचा होता. आमच्यासारख्यांची ही गोम तुम्हाला ठाऊक असेल: पगार कमी चालेल, पण विम्याचं कार्ड हवं. थोरल्यांना दोनदा बाहेरून चांगल्या नोकऱ्या आल्या होत्या. विम्यात खंड पडेल म्हणून ते हलले नाहीत. धाकटीला तसं काही नव्हतं. तिने त्याच सुमारास नोकरी सोडली. जाताना सगळ्यांना बर्फी दिली आणि थोरल्यांना म्हणाली, “आता नाव एकट्याचं तुमचं.”

बाईंना दाखल करायच्या दिवशी थोरले रुग्णालयाच्या विम्याच्या खिडकीवर गेले. आत एक मुलगा बसला होता. त्याने कार्ड पाहिलं, पडदा पाहिला, परत कार्ड पाहिलं.

“सर, तुम्ही नोकरी सोडलीय.”

“नाही. कालही कामावर होतो.”

“सिस्टीममध्ये तसं आहे सर. आणि तुमचं लिंग स्त्री दाखवतंय. पेशंट पत्नी लिहिलंय, त्यामुळे ते जुळत नाहीये.”

“मी तुमच्यासमोर उभा आहे.”

“ते दिसतंय मला,” मुलगा म्हणाला. वाईट नव्हता तो. त्याने तीनदा प्रयत्न केला.

घडलं होतं ते असं. विमा कंपनीला जाणारी कर्मचाऱ्यांची यादी पूर्वी एक कारकून हाताने करायचा. त्या वर्षीपासून आमचंच एक अॅप्लिकेशन ती करू लागलं होतं. घरच्या वापराचं काम, म्हणून ज्यांच्याकडे ग्राहकाचं काम नव्हतं अशा मुलांनी ते केलेलं. त्याच्या ओळींवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. यादी करणारी सेवा माणसाला नोकरीच्या क्रमांकाने ओळखत नव्हती, नावाने ओळखत होती. दोन नावं सारखी आली; धाकटीची नोंद नंतर वाचली गेली आणि थोरल्यांची पुसली गेली. मग धाकटी नोकरी सोडून गेली, ती त्या नावाला घेऊनच गेली.

थोरल्यांना हे खिडकीवरच कळलं असणार. त्यांनी तिथूनच मला फोन केला. “बाई, यादी नावावर बांधलीय. मनुष्यबळ विभागाला सांगा, मला फाईल दाखवा, मी अर्ध्या तासात नीट करतो.”

मी गेले. तिथली मुलगी खरोखर घाबरली. पण चालू अॅप्लिकेशनला हात लावायला साहेबांची परवानगी हवी, आणि सुधारलेली यादी विमा कंपनी आठवड्यातून एकदाच घेते. “पण मी ईमेल केलाय, ताई. आज होईल.” थोरल्यांनाही तिने हेच कळवलं: आज होईल सर. आम्ही काही जण पैसे गोळा करून रुग्णालयात भरायला निघालो होतो. थोरले म्हणाले, “थांबा. आज होईल म्हणतायत.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. माणूस यंत्रावर विश्वास ठेवत नव्हता, पण माणसाच्या शब्दावर ठेवायचा.

ती तारीख गेली. पुढची तारीख बऱ्याच आठवड्यांनंतरची मिळाली. बहीण गावी परतल्या. काढणी खोळंबली होती. मधल्या काळात बाईंना ताप आला. डायलिसिसच्या नळीवाटे रक्तात जंतू गेले, असं डॉक्टर म्हणाले. अतिदक्षता विभागात विमा चालला. यादी तोवर दुरुस्त झाली होती. बाई गेल्या.

वैकुंठ स्मशानभूमीत बहीण कोपऱ्यात बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. मी शेजारी बसले. त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “माझं सगळं नीट आलं होतं ओ तपासात. डॉक्टर म्हनले, लाखात एक जुळतं असं. ते जुळलेलं आता मी कुठं घिऊन जाऊ?”



दिवसकार्य झाल्यावर थोरले कामावर आले. मोठ्या साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून ‘प्रक्रियेतली त्रुटी’ असे शब्द वापरले. थोरल्यांनी फक्त त्या अॅप्लिकेशनची फाईल मागितली. आता परवानगी लगेच मिळाली. मी शेजारी बसले होते. प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद यंत्र ठेवतं. दोन कळा दाबल्या की नाव दिसतं. त्यांनी दाबल्या. नाव वाचलं. मला दिसायच्या आत पडद्यावरचा मजकूर पुढे सरकवला.

“कोण होतं?” मी विचारलं.

“घाईत होतं कोणी तरी.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी यादी नोकरीच्या क्रमांकावर बांधली. नोकरी सोडलेल्यांचं काय करायचं, तेही नव्याने लिहिलं. त्या फायलीत त्यांनी जे नवे गडी घातले त्यांची नावं इंग्रजी होती. मेलसेंडर, लिस्टबिल्डर. जगातला कोणीही ठेवेल अशी.

वर्ष गेलं. विम्याचं नूतनीकरण आलं. सगळ्यांना ईमेल आला: आपल्यावर अवलंबून असलेल्यांची, म्हणजे डिपेंडंट्सची नावं तपासा, बदल असल्यास करा. थोरल्यांच्या नावाखाली पत्नी तशीच होती. स्मरणपत्रं गेली. मुदत जवळ आली तेव्हा मनुष्यबळ विभागातली तीच मुलगी माझ्याकडे आली. “ताई, मला त्यांच्याकडे जाववत नाही. तुम्ही सांगाल का? विमा कंपनी विचारतेय.”

मी दुपारच्या डब्यानंतर त्यांच्यापाशी गेले. गोष्ट आडवळणाने सांगायची मला सवय नाही. “थोरले, ते नाव काढायचं राहिलंय.”

“माहीत आहे.”

“मी काढू? तुम्ही फक्त पासवर्ड घाला.”

“काढायला जमतं मला.” त्यांनी पान उघडून माझ्याकडे वळवलं. “बटण दाबलं की कारण विचारतं. बघा. घटस्फोट. मृत्यू. मुलगा सज्ञान झाला. मुलीचं लग्न झालं. यातलंच एक निवडावं लागतं, त्याशिवाय पुढे जात नाही.”

“मग…” मी दुसऱ्या ओळीकडे पाहिलं.

“ते नाही,” थोरले म्हणाले. “तिचं कारण यात नाही.”

मग मी उठून आले. मुलीला सांगितलं, त्यांना थोडा वेळ द्या.

मुदत संपायच्या आत थोरल्यांनी राजीनामा दिला. वय पन्नासच्या आसपास, पुढची नोकरी हातात नाही. साहेबांनी थांबवून पाहिलं. सगळ्यांनी आपापले अंदाज बांधले: कंटाळले, खचले, गावाकडे जाणार. मला पटलं नाही. माझ्या याद्यांसाठी मी विम्याच्या त्या अॅप्लिकेशनमध्ये अधूनमधून जाते, तेव्हा ते कसं चालतं हे मला ठाऊक आहे. कर्मचारी निघून गेला, की त्याच्याखालची सगळी नावं ते आपोआप काढून टाकतं. कारण विचारत नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी लॅपटॉप दिला, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि निघाले. खराडीच्या त्या इमारतीत बाहेर पडायलाही कार्ड लागायचं. काचेच्या दाराशी गेल्यावर त्यांचा हात सवयीने छातीपाशी गेला आणि रिकामा खाली आला. पहारेकरी खुर्चीतून उठला. त्याने आपलं कार्ड लावलं आणि ते जिना उतरून दिसेनासे होईपर्यंत दार धरून ठेवलं.