करपलेल्या जिऱ्याची मेणबत्ती

नोकरीत असताना टेबलावर फाइली साठायच्या. रिटायर झाल्यावर किस्से साठतात. फाइल निदान वरच्या साहेबाकडे ढकलता यायची. किस्से आपल्याच उशाशी पडून राहतात. आमच्या बडोद्यातल्या, गोत्रीच्या सोसायटीतल्या बाकड्यावर वर्षभरात जे साठले, ते सगळे एका मेणबत्तीपायी!

बाकड्यावर आम्ही तिघे: मी, भरतभाई आणि शिर्के. शिर्क्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. शिर्के प्रतापनगरला, रेल्वेच्या स्टोअरमध्ये. घराण्यातली तलवार गेली आणि चाव्यांचा जुडगा आला, एवढाच फरक. ऐट तीच.

गेल्या थंडीत शिर्केवहिनी गेल्या. मागे त्यांचं शिसवी कपाट राहिलं. दार उघडलं की लाकूड, कापूर आणि आणखी काहीतरी काळपट असा वास खोलीभर पसरायचा. उन्हाळ्यात बंगळूरहून मुलगा आला, कपाटाला वाळवी दिसली, त्यानं ते काढून टाकलं. कपाटाबरोबर वास गेला आणि वासाबरोबर शिर्क्यांची झोप. ते हॉलमध्ये सोफ्यावर पडून राहायचे. खोलीत पाऊल टाकेनात.

मुलगा म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर फ्लॅट भाड्यानं देऊ, तुम्ही माझ्याकडे."

सून बिचारी चांगली. म्हणाली, "बाबा, एखादी डार्क, वुडी सेंटेड कँडल लावून बघा ना."

शिर्क्यांनी ते फौजी हुकुमासारखं घेतलं.

*

पहिली स्वारी मॉलमध्ये. काउंटरवरच्या मुलीनं एक काळी मेणबत्ती पेटवली. "अंकल, डार्क वुडी में बेस्टसेलर है."

शिर्क्यांनी डोळे मिटून वास घेतला. "हे तर डांबर मारलेले रेल्वेचे स्लीपर!"

"जी अंकल, स्लीप के लिए भी बहुत अच्छा है," असं म्हणत मुलगी ती विझवायला वाकली.

"फुंकू नका!" शिर्के असे ओरडले, की पलीकडचा सिक्युरिटीवाला धावत आला. वात तोंडानं फुंकायची नाही, फुलानं शांत करायची, हा वहिनींचा नियम. मॉलमध्ये फुलं होती, पण प्लास्टिकची. शेवटी मेणबत्ती आपोआप विझली. एसीच्या वाऱ्यानं, असं मी म्हणालो. सिक्युरिटीवाला म्हणाला, एसी दुपारपासून बंद आहे.

*

भरतभाईंच्या भाच्यानं दुबईहून ऊदाची मेणबत्ती पाठवली. आम्ही ती शिर्क्यांच्या हॉलमध्ये लावली. धुराची बारीक रेघ वर चढली.

भरतभाई हळूच म्हणाले, "आ तो मसाणनी वास छे."

वहिनींना पोचवायला आम्ही तिघे गेलो होतो. वास तोच होता.

भरतभाई घरी गेले, तर त्यांच्या बायकोनं दारातच हुंगलं आणि बादली पुढे केली. "पहेलां नाही लो! कोण गयुं?" आधी अंघोळ म्हणे! आणि कोण गेलं म्हणून सांगणार? भरतभाईंनी निमूट अंघोळ केली. मीही केली. दुबईचा माल, बडोद्याचं पाणी!

*

आता त्या काळपट वासाचं सांगायला हवं. वहिनी मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायच्या, तेव्हा अख्ख्या जिन्यात खकाणा उठायचा. कुणी विचारलंच, तर दार किलकिलं करून म्हणायच्या, "काही नाही हो, जिरं करपलं."

एवढं जिरं करपायला घरात रोज लग्नाची पंगत हवी! पण शिर्के गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचे. "हो, तिचं जिऱ्याकडे लक्षच नसतं." संसारभर दोघांनी हे निभावलं.

*

निजामपुऱ्यात एक बाई घरी मेणबत्त्या बनवतात. त्यांनी विचारलं, "काका, नेमका कसला वास हवाय?"

"शिसव. कापूर." मग शिर्के अडखळले. "आणि करपलेलं जिरं."

मी कोपर मारलं. "अहो, मिश्री म्हणा ना!"

"आमच्या घरात मिश्री कुणी लावत नाही," शिर्के ताडकन म्हणाले.

बाई प्रामाणिक. सांगितलं ते सगळं घातलं. मेणबत्ती लावली आणि भरतभाई म्हणाले, "भूख लागी गई, भाई." शोकाच्या खोलीत जिरा राइस!

दुसऱ्या वेळी बाईंनी जिरं वगळून दिली. शिर्क्यांनी हुंगली आणि खाली ठेवली. "हे कपाट झालं. ती नाही."

*

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची दिवेलागण. मुलगा तिकिटासाठी फोन करणार होता. बॅगा हॉलमध्ये बांधून ठेवलेल्या. शिर्क्यांनी ती बिनजिऱ्याची मेणबत्ती खोलीत ठेवली, पेटवली आणि बाहेर आमच्यात येऊन बसले.

आधी शिसव आलं. मग कापूर. मग भरतभाईंनी नाक वर केलं. "शिर्के, गॅस चालु छे के?"

वहिनी गेल्यापासून शिर्क्यांना बाहेरून डबा येतो. मी स्वयंपाकघरात गेलो. सिलिंडरचा कॉक बंद होता. ओटा कोरडा. तवा खिळ्याला टांगलेला, तसाच. त्याला बोट लावलं आणि चटका बसून हात मागे घेतला.

हॉलमध्ये आलो, तर शिर्क्यांच्या हातात फोन होता. नजर खोलीच्या दाराकडे. स्पीकर चालू.

"बाबा, मग काढू ना तिकीट?"

"नको काढूस."

"का? काय झालं? बाबा, तुम्ही खोकताय का? धूर झालाय का घरात?"

"काही नाही रे," शिर्के म्हणाले. "जिरं करपलं."