बोहारणीला दिलेल्या साड्या

चौथ्या मजल्यावरच्या शेजारणीकडे नवी मशीन आली, ती बघून मी "छान आहे हो" म्हणाले आणि खाली माझ्या घरी येऊन दार जरा जास्तच जोरात लावलं. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट होत होता. मुलानं जर्मनीहून पाठवलेली पांढरीशुभ्र मशीन. दोरा स्वतःच ओवून घेणारी. छोट्याशा पडद्यावर फुलं, पानं, बदकं दिसायची. ज्यावर बोट ठेवावं ते चित्र ती कापडावर शिवून काढायची. आवाज म्हणाल तर पंख्याएवढासुद्धा नाही.

तोवर आमच्या बिल्डिंगमधली शिवणाची राणी मी होते. नवीन पनवेलला राहायला आल्यापासून दर मंगळवारी दुपारी पाच-सहा बायका माझ्या हॉलमध्ये गोधड्या शिवायला जमायच्या. माझ्याकडेच का, तर पायमशीन माझ्याकडे होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेली, काळी, जड, अजून एका पायावर पळणारी. बायका चिंध्या जोडून आणायच्या आणि काठाला टीप मारून घ्यायला माझ्यापुढे रांगेत बसायच्या. कुणाची आधी घ्यायची, कुणाला "हे उसवून आण, वाकडं झालंय" म्हणायचं, ते मी ठरवायचे. चहा मीच करायचे, त्यामुळे आपण फार उदार आहोत असं मला वाटायचं. खरं म्हणजे मला मिजास होती.

त्या मिजाशीचा सगळ्यांत जास्त त्रास तळमजल्यावरच्या मावशींना झाला असणार. मावशी मूळच्या गव्हाणच्या. शेतं, मिठागर सगळं नव्या शहरात गेलं, मुलांनी डंपर घेतले, आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट घेतले. पण मावशी जमिनीवर पाय पसरून हातानंच गोधडी शिवायच्या. मोठी सुई, जाड दोरा, आणि धावदोऱ्याच्या ओळीमागून ओळी. मी सगळ्यांसमोर म्हणायचे, "मावशी, द्या इकडे, दोन मिनिटांत टीप मारून देते." त्या म्हणायच्या, "नको गो, हात हायेत ना माजे." मग मी बाकीच्यांकडे बघून किंचित हसायचे, आणि त्यांतल्या दोघीतिघी माझ्याबरोबर हसायच्या.

नवी मशीन आली आणि मंगळवार एक मजला वर गेला. शेजारणीनं रीतसर विचारलं होतं, "वहिनी, या वेळी आमच्याकडे जमायचं का? एसी पण आहे." नाही कशी म्हणणार? मी तीन मंगळवार गेले. पहिल्या मंगळवारी म्हणाले, फार बारीक टाका आहे, धुतल्यावर राहील की नाही कोण जाणे. दुसऱ्या मंगळवारी म्हणाले, लाइट गेली की काय करणार हिचं? तिसऱ्या मंगळवारी ज्या बायका माझ्यापुढे रांगेत बसायच्या त्याच पडद्यावरचं बदक बघून टाळ्या वाजवायला लागल्या, तेव्हा मी गुडघे दुखताहेत म्हणून उठून आले. चौथ्या मंगळवारी घरी एकटी बसले आणि वर आवाज जावा म्हणून दोरा न ओवताच मशीन चालवत राहिले. चांगला अर्धा तास. कुणी खाली आलं नाही.

संक्रांतीनंतर माझी लेक बाळंतपणासाठी आली. तिला सातवा संपत आला होता. दुसऱ्याच दिवशी ती वर जाऊन आली आणि फोनवर फोटो दाखवायला लागली. हत्ती, बदकं, ढगातून डोकावणारा चांदोबा.

"आई, काकू बाळासाठी गोधडी करून देणारेत. अशी! कसली गोड आहे ना?"

माझा चेहरा बघून ती म्हणाली, "तू पण कर ना. दुसरी."

दुसरी! त्या एका शब्दानं मला जे झालं ते सांगते. लेकीचं लग्न ठरलं तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं, नातवंड पहिल्यांदा पाळण्यात निजेल ते माझ्या हातच्या गोधडीवर. बाकी सगळं सासरच्यांनी करावं, मला त्याचं काही नव्हतं. एवढं एक माझं होतं, आणि ते ती बाई बटण दाबून घेऊन चालली होती.

चार दिवसांनी शेजारीण खाली आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "वहिनी, वरची बाजू होत आली. खाली लावायला तुमची एखादी जुनी सुती साडी द्याल का? बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच हवं ना, आणि ते आजीचं असलं तर बरं. माझ्या सगळ्या जॉर्जेट आणि नायलॉन, त्यांचा काय उपयोग?"

आमच्याकडे तशीच पद्धत आहे. बाळाला आधी कोरं कापड लावत नाहीत. वापरून, धुऊन मऊ झालेलं जुनेरच लागतं. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात अशा पाच साड्या होत्या, याच दिवसासाठी ठेवलेल्या. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "अहो, सगळ्या मागच्याच महिन्यात बोहारणीला दिल्या. ही बघा ना, कढई घेतली त्यांच्यावर."

आणि मी आत जाऊन खरोखर कढई आणून दाखवली. दहा वर्षांची जुनी कढई. तिनं ती हातात घेतली, "जड आहे, चांगली आहे," म्हणाली आणि गेली. मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आता कर म्हटलं कोऱ्या कापडाची.

त्याच आठवड्यात मी पाचही साड्या काढल्या, गरम पाण्यात भिजवल्या, गॅलरीच्या बाहेरच्या दोऱ्यांवर वाळत घातल्या. आमसुली, आंब्याच्या रंगाची, निळी चौकड्यांची, दोन पांढऱ्या बुट्ट्यांच्या. पदर कापून बाजूला काढले, घड्या एकावर एक घातल्या, वरून त्या पदरांचे चौकोन जोडले आणि मशीनवर घेतलं. मशीननं चार बोटं टीप मारली आणि सुई तुटली. दुसरी घातली, तीही तुटली. तिसरीला दोऱ्याचा गुंता झाला आणि पट्टा घसरला. इतकी वर्षं हिच्या जिवावर मी लोकांच्या टिपांना नावं ठेवली, पण ती पाचपदरी गोधडी काही तिच्याखालून जाईना. काठाला टीप मारणं वेगळं आणि हे वेगळं. मी मशीनवर डोकं टेकून रडले. लेक आतल्या खोलीत झोपली होती म्हणून आवाज न करता रडले.

तेवढ्यात मावशी आल्या, लेकीसाठी वालाच्या शेंगा घेऊन. दार उघडंच होतं. त्यांनी तुटलेल्या सुया पाहिल्या, मला पाहिलं, आणि काहीही न विचारता खाली पाय पसरून बसल्या.

"आन इकडं. त्या मशीनला कशाला मारतेस? हिला हातच पायजे."

"मला हातानं नाही येत मावशी."

"नाय येत तर काय, शीक. वय झाला का शिकायचा?"

त्यांनी मला काठापासून आत यायला शिकवलं. ओळ संपली की वळायचं, पुन्हा ओळ, वळायचं, होता होता मधोमध पोचायचं. कापड डाव्या हातानं नुसतं धरायचं, ओढायचं नाही. पहिल्या दिवशी माझी बोटं टोचून लाल झाली. तिसऱ्या दिवशी मला त्यात गोडी लागली. इतकी की जेवण गॅसवर ठेवून मी एक ओळ पुरी करायला बसायचे. मशीनवर शिवताना मी कधी कापडाकडे पाहिलंच नव्हतं. आता प्रत्येक साडी बोटांखालून जायची, कुठे विरलीये, कुठे घट्ट आहे ते कळायचं. फार सुख वाटलं त्या दोन महिन्यांत.

पण सुधारेन ती मी कसली? मावशींनी घातलेली ओळ आणि माझी ओळ शेजारी शेजारी असायची. त्यांची सरळ, दाण्याएवढ्या टाक्यांची. माझी चालता चालता भलतीकडे जायची. त्या खाली गेल्या की मी त्यांची ओळ निरखत बसायचे आणि जळायचे. जिला मी वर्षानुवर्षं "द्या इकडे" म्हणत होते तिचाच आता मला हेवा वाटायला लागला होता.

नात झाली. बाराव्या दिवशी घरातच बारसं केलं. पाळणा सजवला, बायका जमल्या. मी गोधडी कपाटात तयार ठेवली होती. शेवटचा टाका आदल्या दिवशीच घातला होता. शेजारीण सगळ्यांच्या आधी आली, कागदात बांधलेली तिची गोधडी घेऊन. लेकीनं ती उलगडली. हत्ती, बदकं, ढग, चांदोबा. बायका वेड्या झाल्या. खरंच सुंदर होती, काय खोट काढणार? मग लेकीनं ती उलटली. खालच्या बाजूला विटकी हिरवी, मऊ सुती नऊवारी होती.

"काकू, हे कुणाचं?"

"माझ्या आईचं लुगडं आहे," शेजारीण म्हणाली. "एकच राहिलं होतं तिचं."

तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. लेक मला म्हणत होती, "आई, तुझी पण आण ना, दोन्ही घालू." मी आत गेले आणि कपाटासमोर उभी राहिले. माझी गोधडी बाहेर आणली असती तर पाचही साड्या सगळ्यांपुढे उघड होणार होत्या. ती आंब्याच्या रंगाची तर मी कित्येक मंगळवारी नेसलेली. अजून पुरी व्हायचीय, असं सांगायचं मी जवळजवळ ठरवलं. पण बाहेर मावशी बसल्या होत्या, त्यांना ती पुरी झालेली माहीत होती, आणि माझी नात पहिल्यांदा पाळण्यात निजणार होती. मी गोधडी घेऊन बाहेर आले.

शेजारणीनं तिच्यावरून हात फिरवला. आंब्याच्या रंगाच्या चौकोनावर तिचा हात थोडा थांबला. "हातानं घातलेत टाके? किती छान," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हातांनी आधी आपली गोधडी पाळण्यात घातली, वर माझी घातली. बाळाच्या अंगाला माझी लागली. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मला पाळण्याकडे बघवत नव्हतं.

नाव ठेवून झाल्यावर ती स्वयंपाकघरात घुगऱ्या वाढायला माझ्या मदतीला आली. मला राहवलं नाही. वाट्यांकडे बघतच म्हणाले, "साड्या होत्या माझ्याकडे. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "वाळत घातल्या होत्यात ना, वरून दिसल्या मला."

"मग आईचं लुगडं का कापलंत? येऊन भांडायचं माझ्याशी!"

तिनं हातातली वाटी भरून ताटात ठेवली. "भांडून काय करू? तुम्हांला द्यायच्या नव्हत्या. आणि बाळाला जुनं कापड तर लागतंच."

एवढं बोलून ती घुगऱ्यांचं ताट उचलून बाहेर गेली. मी तिच्या मशीनवर जळत होते तेव्हा निदान तोंड उघडून नावं तरी ठेवत होते. आज तिच्याबद्दल जो हेवा वाटतो त्यात तर मला तिला नावं ठेवायलाही जागा नाही.