दुबईत पंधरा दिवस, आणि मॅनेजरच्या नावाचं पाकीट

ऑगस्टात दुबईला जाऊ नये, असं मला तिघांनी सांगितलं. तिघेही तिथे राहून आलेले. संपादकांनी मात्र जरूर जा म्हणून सांगितलं. ते कधीच गेलेले नव्हते. रत्नागिरीकडची मुसलमान मंडळी तिकडे कशी राहतात यावर त्यांना दोन लेख हवे होते, आणि तिकडच्या उन्हाळ्यात बोटीचं तिकीट पटकन मिळतं, एवढा त्यांचा हिशेब. तिकीट खरंच पटकन मिळालं. त्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना: डेकचं तिकीट काढू नका. पावसाळी समुद्रात डेकवरचा माणूस आणि डेकवरची ट्रंक यांना सारखीच वागणूक मिळते. कराची, मस्कत करत पाचव्या दिवशी दुबई आली, म्हणजे दिसली. बोट लागायला धक्का नाही. बोट लांब उभी राहते, आणि शिडीवरून खाली हेलकावणाऱ्या पडावात उडी घ्यावी लागते. पन्नाशीला आलेल्याने धोतर नेसून ही उडी घेऊ नये. ही दुसरी सूचना.

किनाऱ्यावर हसनमियाँ उभे होते. मूळचे दापोलीकडचे, इथल्या एका इंग्रजी बँकेत हेडक्लार्क. मी लहानपणी पाठशाळेत होतो हे बोलण्यात आलं, तेव्हापासून त्यांनी मला 'शास्त्रीबुवा' करून टाकलं. माझी सोय त्यांनी बँकेच्या माडीवर केली होती, बर दुबई नावाच्या भागात, खाडीला लागून. तिथे धाकटा साहेब एकटाच राहतो, म्हणाले, भाडं घेणार नाही, फक्त त्याच्याशी बोलत जा. उन्हाळ्यात त्याच्याशी कुणी बोलत नाही.

धाकट्या साहेबाचं नाव कॉलिन. वय सव्वीस, नाक सोललेलं, अंगात कायम ओला शर्ट. बायकामुलं असलेले सगळे गोरे जूनमध्येच विलायतेला जातात. सडा माणूस मागे राहतो, कारण त्याची वाट पाहणारं घरी कुणी नाही असं बँक धरून चालते. मॅनेजरही गेलेला, तेव्हा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बँक कॉलिनच्या ताब्यात होती. गार हवेचं यंत्र फक्त मॅनेजरच्या खोलीत. कॉलिन मात्र बाहेर, क्लार्कांच्या पंख्याखाली बसे. ती खुर्ची माझी नाही, म्हणाला.

ऋतुवर्णन करणारे आमचे कवी ग्रीष्मावर फार खूष असतात: चंदन, वाळ्याचे पडदे, वगैरे. त्यांतल्या एकालाही दुपारी दोन वाजता या खाडीवर उभं केलेलं नसणार. हवा इतकी दमट की काडेपेटी पेटत नाही. गोडं पाणी गाढवावरच्या डब्यांतून विकत येतं. खाणाऱ्यांची मात्र आबाळ नाही: कापडबाजाराच्या गल्लीत एका गुजराथ्याची खानावळ आहे, दीड रुपयात पोटभर डाळभात. रुपया आपलाच चालतो, फक्त नोटांचे रंग निराळे, म्हणजे तापातून उठून आपला गाव पाहावा तसं वाटतं. पलतीरावरच्या देरा नावाच्या वस्तीत जायला अब्रा नावाची होडी आहे. तिच्यात बसा, तेवढाच वारा.

दुपारी बँक बंद झाली की आम्ही दोघं वारा ओढणाऱ्या बुरुजाखाली पाय पसरून बसत असू. कॉलिन बोलायचा. त्याच्या बोलण्याला विषय नसायचा. आज बुधवार आहे का? उन्हाळ्यात सगळे दिवस बुधवारच असतात. डब्यातले वाटाणे खाऊन माणूस किती वर्षं जगू शकेल? बसच्या काचेवर पाऊस पडल्याचं स्वप्न त्याला पडायचं. स्वप्नात बस कुठे चालली आहे ते मात्र कळत नसे. टॉवेल वाळत घातला की अधिक ओला होतो, हे आईला पत्रात लिहिलं तर तिने उत्तरात सर्दीचं औषध कळवलं. आणि मार्गारेटला इथलं काय काय आवडणार नाही, याची त्याने एक यादी केली होती. तेवीस गोष्टी झाल्या होत्या. मी त्यात आपलं नाव नाही ना, एवढं पाहून घेतलं.

मार्गारेट त्याच्या गावची शिक्षिका. लग्न ठरलेलं, पण या बँकेचा नियम असा की पहिली चार वर्षं वरून परवानगी आल्याशिवाय नोकराने लग्न करायचं नाही. कॉलिनने अर्ज केला होता. तिला कॅनडातल्या एका शाळेने बोलावलं होतं, आणि त्यांना ऑगस्टअखेर होय-नाही कळवायचं होतं. त्याआधी परवानगी आली तर ती थांबणार होती. नाही तर जाणार. तीन वर्षं वाट पाहिली, चौथं पाहणार नाही, असं तिने स्वच्छ लिहिलं होतं.

उत्तर आलेलं होतं. ते हसनमियाँनी मला अब्र्यात बसल्यावर सांगितलं. लंडनचं पाकीट गेले तीन आठवडे तिजोरीत पडून होतं. वर लिहिलेलं: मॅनेजर, स्वतः उघडावे. मॅनेजरचं काम पाहणारा कॉलिनच. पण पाकीट त्याच्याविषयीचं असणार, म्हणून तो हात लावत नव्हता. मॅनेजर विलायतेत कुठल्याशा डोंगरातल्या नदीवर मासे धरायला गेलेले, तारेला उत्तर नाही. लंडनला परस्पर विचारावं, तर मॅनेजरला डावलून वर लिहिणं त्यांच्यात बसत नाही. मी चहाच्या वाफेवर उघडून परत चिकटवून देतो म्हटलं, हसनमियाँ सांगत होते, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

माझी बोट निघायला चार दिवस राहिले असताना कॉलिनने ते पाकीट वर आणलं आणि आमच्या मधल्या तिवईवर ठेवलं. बराच वेळ तो त्याच्याकडे पाहत बसला. हसनमियाँ चहा घेऊन आले होते, ते दारातच थांबले.

"तुम्ही माझ्या जागी असतात, तर काय केलं असतं?" त्याने विचारलं.

मला कुणी प्रश्न विचारला की मी उत्तर देतो. हा पाठशाळेचा दोष. मी सांगितलं की आमच्या धर्मशास्त्रात निक्षेप नावाचं एक प्रकरणच आहे. मोहर लावून दिलेली ठेव मोहरेसकट परत करायची. आत काय आहे याची चौकशीही ठेव राखणाऱ्याने करू नये. पुढे दोन उदाहरणंही दिली. विषय माझ्या आवडीचा होता.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसला. "मग तर प्रश्नच मिटला," म्हणाला, आणि पाकीट घेऊन खाली गेला. तिजोरीचं दार लागल्याचा आवाज वर आला.

हसनमियाँनी चहा माझ्यासमोर ठेवला. "शास्त्रीबुवा, तुमी कशाला बोल्लात? आज तो उघडणार व्हता."

मी म्हटलं, त्याने मत विचारलं, मी दिलं.

"मत नव्हता विचारीत," ते म्हणाले. "कुणीतरी 'उघड' म्हणावं म्हणून बसला व्हता."

त्यानंतरचे चार दिवस कॉलिन माझ्याशी फार चांगला वागला. खजुराची एक करंडी दिली, पडावापर्यंत पोचवायला आला. मी त्याला काहीच म्हणालो नाही. म्हणायला वेळ होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

घरी येऊन दोन्ही लेख लिहिले; संपादकांना आवडले. खजूर शेजाऱ्यांना आवडले. डिसेंबरात हसनमियाँचं पत्र आलं. मॅनेजर आले, त्यांनी पाकीट उघडलं. परवानगी दिली होती, दोन ओळींत, तारीख जुलैची. मार्गारेट कॅनडाला गेली. मॅनेजरने प्रामाणिकपणाबद्दल कॉलिनचा चांगला शेरा लिहून वर पाठवला, आणि पुढच्या उन्हाळ्यातही बँक त्याच्याच ताब्यात द्यायचं ठरलं आहे. खाली लिहिलं होतं: धाकट्या साहेबाने सलाम सांगितला आहे, आणि तुमचं म्हणणं बरोबर होतं असं कळवायला सांगितलं आहे.

पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिने सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतली. मग म्हणाली, "तुम्हाला स्वतःला ते पटत होतं?"

मी म्हटलं, शास्त्रात तसंच आहे.

"ते नाही विचारलं," ती म्हणाली.