ओसरीवरची पंगत

अंगठ्यानं कानाची पाळी चोळत माझा बाकावरचा दोस्त म्हणायचा, "ध्यानात हाये माह्या." एवढंच. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही. पण ते ऐकलं की वाशीमच्या आमच्या इंग्रजी शाळेतला दांडगा पोरगाही घटकाभर विचारात पडायचा.

कारण त्याच्या खरंच ध्यानात राहायचं. पाचवीत असताना एका वकिलाच्या मुलानं त्याची टोपी शाळेच्या विहिरीत टाकली होती. पुढं आम्ही ती गोष्ट विसरलो, वकिलाचा मुलगाही विसरला. आणि सातवीच्या परीक्षेच्या सकाळी त्या मुलाची छत्री, दप्तर आणि नवा कोट त्याच विहिरीत सापडले.

"काहून रे असं केलं?" मी विचारलं.

"टोपी," तो म्हणाला.

पण खरं सांगतो, स्वतःचं भांडण तो एखाद्या वेळी सोडूनही द्यायचा. दोस्ताचं मात्र कधीच नाही.

गावाबाहेर त्याच्या बापाचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे. चौथीनंतर बाप त्याला विहिरीच्या मोटेवर, पाणी ओढणाऱ्या बैलांमागे घालणार होता. तेव्हा आमचे हेडमास्तर स्वतः मळ्यात चालत गेले आणि म्हणाले, "याला बैलांमागे लावू नका. मला द्या." ही हकीकत तो ज्याला त्याला सांगायचा. "मले हेडमास्तर मळ्यातून घेऊन आले," म्हणताना त्याची छाती फुगायची.

आमच्या बाकावर तिसरा होता सोमला, मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. गावात खोली घेऊन राहायचा, हातानं भाकऱ्या थापायचा. हडकुळा होता, पण हुतुतूत त्याचा दम तुटत नसे. आमचा दोस्त संघाचा कप्तान, मी राखीव आणि सोमला आमचा हुकमी गडी.

दुसऱ्या एका गावच्या हायस्कूलशी आमचा दरवर्षी सामना व्हायचा. त्या वर्षी आम्ही बैलगाड्यांनी त्यांच्याकडे गेलो आणि सोमलाच्या शेवटच्या चढाईवर जिंकलो. जेवण त्यांच्या कप्तानाच्या घरी होतं. बाप मोठा जमीनदार. आम्ही हातपाय धुऊन आत निघालो, तर कप्तान दारात आडवा उभा.

"हा तांड्यावरचा ना? याचं पान बाहेर ओसरीवर मांडलंय."

हेडमास्तर आधीच आत पाटावर बसले होते. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि आपोष्णी घेऊन जेवायला सुरुवात केली.

आमचा कप्तान सरळ आत गेला, आपली पत्रावळ उचलली आणि बाहेर सोमलाशेजारी येऊन बसला. मागोमाग आम्ही सगळे आलो. ओसरीवर पुन्हा कोणी वाढायला आलं नाही.

"जाऊ दे ना गड्या," सोमला हळूच म्हणाला. "मले भूक लागली हाये. जेवू दे."

"जेव तू," तो म्हणाला, आणि दारातल्या त्या पोराकडे पाहत कानाची पाळी चोळू लागला.

पुढचं वर्षभर त्यानं आमचा जीव काढला. उजाडायच्या आत मळ्यात बोलवायचा आणि नांगरलेल्या ढेकळांतून पळवायचा. कोणी धापा टाकत बसलं की वर येऊन उभा राहायचा. "दमला? ओसरी आठव." आम्ही उठायचो. आमच्या शाळेला गीत नव्हतं, झेंडा नव्हता. ती ओसरी होती.

पुढच्या हिवाळ्यात ते वाशीमला आले. सामना कसला, चेचलं आम्ही त्यांना. त्यांचा कप्तान यानं एकट्यानं पकडला आणि मातीत दाबून धरला. दम केव्हाच सुटला होता, तरी धरून ठेवला.

जेवणाचा बेत त्यानं आपण होऊन अंगावर घेतला होता. वांगी त्याच्याच मळ्यातली. हेडमास्तर खूश होते; सगळं त्याच्यावर सोपवून ते घरी गेले होते. पाहुणे आले, तर शाळेच्या मोठ्या खोलीत रांगोळी, उदबत्ती आणि एकच पाट. त्यावर सोमला, अवघडून बसलेला. पाहुण्यांच्या पत्रावळी बाहेर ओसरीवर.

"हे काय?" त्यांचा कप्तान लाल झाला.

"पाव्हण्यायची जागा. तुमच्याच घरी शिकलो आमी," हा अदबीनं म्हणाला. "बसा. तूप वाढतो."

भुकेनं कावलेले ते बसले. मग कोणाच्या मनात नव्हतं ते घडलं. सोमला आतून आपलं पान घेऊन बाहेर आला आणि त्यांच्या कप्तानाशेजारी मांडी घालून बसला.

"सोमल्या, ऊठ! आत जा," हा ओरडला.

"नाई जात. एकट्याले घास उतरत नाई."

त्यांच्या कप्तानानं पान ढकललं आणि तो उठला. त्याच्यामागून सगळा संघ उठला. उपाशीच गाड्यांत बसून गेले ते. आमच्या दोस्तानं त्यांच्या पत्रावळी एकेक करून बैलांपुढं टाकल्या. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

जमीनदाराचा हात वरपर्यंत पोचलेला होता. चार दिवसांत हेडमास्तरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. "आम्ही सगळ्यांनी केलं," आम्ही ठरवल्याप्रमाणे म्हणालो.

"खोटं बोलून राह्यले हे," तो म्हणाला. "पानं मी मांडली."

"मग माफी माग. शाळेचं नाव घालवलंस तू."

"शाळेचं नाव तिकडच्या ओसरीवर गेलं, सर. तवा तुमी आत जेवून राह्यले होते."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. पण शब्द मागं घेतला नाही त्यांनी, आणि यानं माफी मागितली नाही. मॅट्रिकच्या तोंडावर त्याचं नाव शाळेतून काढलं गेलं.

तो मोटेवर गेला. पुन्हा शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं नाही. सोमला मॅट्रिक झाला तेव्हा पेढे यानंच वाटले, पण फाटकाबाहेर उभं राहून.

बाजाराच्या दिवशी तो टोपली घेऊन बसायचा. हेडमास्तर पिशवी घेऊन आले की टोपलीवर पोतं ओढायचा. "माल संपला." कोवळी वांगी पोत्याखालून दिसत असायची. हेडमास्तर जरा वेळ उभे राहायचे आणि पुढं जायचे. पुढच्या बाजारी पुन्हा त्याच टोपलीपुढं यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. ना यानं पोतं काढलं, ना त्यांनी दुसऱ्याची वांगी घेतली.

एका पौष महिन्यात हेडमास्तर गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मसणात पाहतो तर हा लांब बाभळीखाली उभा.

"तू कायले आला?" मी विचारलं.

"खरंच गेले का, पाह्यले आलो."

लोक पांगले तरी तो हलला नाही. मी परत फिरलो तेव्हा तो म्हणाला, "एकडाव म्हटलं असतं ना त्यायनं, चुकलं रे माह्यं म्हणून, तं सारी टोपली घरी नेऊन देली असती." आणि तोंड फिरवून थुंकला.

दहा-बारा दिवसांनी मी मळ्यात गेलो. कडाक्याची थंडी होती. त्यानं डोकं सफाचट केलं होतं, मिशीसुद्धा ठेवली नव्हती.

"बाप तं बरा हाये ना तुहा?" मी विचारलं.

"उवा झाल्या होत्या," तो म्हणाला, आणि बैल हाकलत मोटेच्या धावेवरून खाली गेला.